‘हेतुपुरस्सर’ या विशेषणाचा इतिहास : मद्रास शहरातील थकलेले भाडे आणि भाडेकरू

तमिळ भाषेत ‘ओंडुक्कुडित्तनम्’ असा एक शब्द आहे. ‘ओंडु’ म्हणजे आडोशाला बिलगून राहणे आणि ‘कुडित्तनम्’ म्हणजे संसार. एका घराचे भाग पाडून प्रत्येक भागात एकेक कुटुंब ठेवायचे, विहीर, न्हाणीघर आणि अंगण सर्वांत सामाईक, आणि पुष्कळदा घरमालक त्याच घराच्या पुढच्या भागात राहणारा, अशी ही व्यवस्था. मैलापूर आणि तिरुवल्लिक्केणी या जुन्या वस्त्यांतील मध्यमवर्गीय जीवनाच्या कित्येक पिढ्या तिच्यात गेल्या. मराठीतील ‘बिऱ्हाड’ या शब्दाची छटा याहून वेगळी आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, म्हणजे ते हलते. तमिळ शब्दातला संसार मात्र दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेला असतो. मराठी शब्दाला प्रवासाची आठवण आहे, तमिळ शब्दाला आश्रिताची.

राहण्याविषयीचे शब्द असे भिन्न असले तरी देण्याघेण्याचे शब्द दोन्ही भाषांत चकित करण्याइतके समान आहेत. भाड्याला तमिळमध्ये ‘वाडगै’ म्हणतात. ‘कुडिक्कूलि’, म्हणजे राहण्याची मजुरी, असाही एक जुना शब्द आहे. परंतु ते भाडे थकले की ‘वाडगै बाक्कि’ होते. पावतीला ‘रसीदु’, मुदतीला किंवा कोर्टाच्या पुढच्या तारखेला ‘वायदा’, मालमत्ता ताब्यात घेण्याला ‘जप्ति’, हमीदाराला ‘जामीन’. अरबी-फारसी मुळाचे हे शब्द दक्षिणेतील अनेक राजवटींच्या दप्तरांतून लोकभाषेत उतरले. तंजावरच्या मराठी दरबाराचा (१६७६ ते १८५५) त्यात काही वाटा असणे संभवनीय आहे, पण तेवढ्यावरून सारे श्रेय त्याला देणे धाडसाचे ठरेल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, घर ज्या त्या भाषेतले राहिले आणि बाकी मात्र सरकारदरबारच्या भाषेतली झाली. ज्याची बाकी पडली त्याचा संसार त्या क्षणी स्वतःच्या भाषेतून उचलला जाऊन दप्तराच्या भाषेत जातो. या स्थलांतरात त्याला काय करता येत होते, हा येथील विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे उत्तर बरेच कठोर होते. १८८२ च्या इलाखा शहरांच्या लघुवाद न्यायालय कायद्यात जप्तीचे एक स्वतंत्र प्रकरण होते आणि ते मद्रास शहराला लागू होते. त्यान्वये भाडे थकलेल्या घरातील जंगम वस्तू जप्त करण्याचे अधिपत्र मालकाला दावा न लावता, केवळ प्रतिज्ञापत्रावर मिळवता येई. कोर्टाचा अमीन सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वीच येऊ शके. अंगावरचे आवश्यक कपडे त्याला नेता येत नसत. जप्तीच्या क्षणी कोणाच्या हातात प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू, आणि दुसरे काही जप्त करण्यास पुरेसे असेल तर कारागिराची हत्यारेही, सोडावी लागत. कायद्याच्या या सूचीत एक विलक्षण दृश्य दडलेले आहे. हातात धरलेली वस्तू वाचते, बाजूला ठेवलेली जाते. भाडेकरूच्या बाजूने एवढेच होते की, त्याला न्यायाधीशाकडे अर्ज करून अधिपत्र रद्द करण्याची किंवा मुदत देण्याची विनंती करता येई. पैसे का दिले नाहीत, हा प्रश्न अमीन येण्यापूर्वी कोणी विचारीत नसे.

त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मात्र दुसऱ्या बाजूने एक दार उघडले. भाडे न दिल्याच्या कारणाने भाडेपट्टा रद्द झाला आणि मालकाने घर खाली करण्याचा दावा लावला, तरी सुनावणीच्या वेळी भाडेकरूने थकबाकी, तिच्यावरील व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च मालकाला दिला किंवा देऊ केला, अथवा पंधरा दिवसांत देण्याची पुरेशी हमी दिली, तर पट्टा जणू रद्द झालाच नाही असे मानण्याची मुभा ११४ व्या कलमाने न्यायालयाला दिली. ही कल्पना इंग्लंडमधील समन्यायाच्या परंपरेतली. भाडे चुकल्याबद्दल घर जाणे ही खरी शिक्षा नसून पैसे मिळवून देणारी केवळ धमकी आहे, असे तिच्या मुळाशी गृहीत होते. पण या दारातून ज्याच्याजवळ एकरकमी पैसा उभा राहू शके तोच आत येऊ शकत होता.

पहिल्या महायुद्धानंतर मद्रासमध्ये जो तंटा उभा राहिला तो घरापेक्षा जमिनीचा होता. या शहरात मोकळी जमीन भाड्याने घेऊन तिच्यावर भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने घर किंवा झोपडी बांधण्याची रीत जुनी होती. रास्त भाडे देत राहिल्यास कोणी हुसकावणार नाही, या भरवशावर लोकांनी विटा रचल्या होत्या. जमिनीचे भाव चढले तेव्हा त्या भरवशाला कागदाचा आधार नसल्याचे उघड झाले. मद्रास शहर भाडेकरू संरक्षण अधिनियम, १९२१ (१९२२ चा तिसरा) हा त्या प्रसंगातून आला. बाहेर काढायचेच असेल तर बांधकामाची भरपाई द्यावी लागेल, असे त्याने ठरवले. शिवाय दाव्याचे समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात अर्ज करून ती जमीनच न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत मागण्याचा अधिकार नवव्या कलमाने भाडेकरूला दिला. भाडेकरूने मालक होण्याची मागणी करणे हा बेदखलीच्या दाव्याला दिलेला बचाव मानला जावा, ही तरतूद भारतातील नागरी भाडेकायद्यांत खरोखरच वेगळी आहे. पुढे १९९६ मध्ये धार्मिक संस्थांच्या जमिनी या कायद्यातून वगळण्यात आल्या. मंदिरांच्या जमिनीवर वाढलेल्या मैलापूरसारख्या वस्तीत याचा अर्थ काय झाला असेल, हे सांगावयास नको. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम केली, आणि त्या निवाड्यातील एक पक्षकार मैलापूरचाच एक क्लब होता.

घरभाड्याचे नियंत्रण आले ते दुसऱ्या युद्धात, भारत संरक्षण नियमांखालील आदेशांच्या रूपाने, १९४१ पासून. एप्रिल १९४२ मध्ये जपानी हल्ल्याच्या भीतीने हेच शहर रिकामे होऊ लागले होते आणि घरे ओस पडली होती. परंतु थोड्याच काळात माणसे परतली आणि त्यांच्यामागोमाग नवी माणसेही आली. आदेशांची जागा १९४६ च्या कायद्याने घेतली, त्याची १९४९ च्या आणि त्याची १९६० च्या कायद्याने. मद्रास, आणि राज्याच्या नामांतरानंतर तमिळनाडू, इमारती (भाडेपट्टा व भाडेनियंत्रण) अधिनियम, १९६० हा जवळजवळ सहा दशके चालला. शहरात लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश भाडेनियंत्रक म्हणून बसत आणि अंगणातले भांडण उच्च न्यायालयाच्या लाल इमारतींच्या आवारात जाई.

या कायद्याच्या दहाव्या कलमातील व्यवस्था अशी होती. करारात ठरलेल्या तारखेनंतर पंधरा दिवसांत, किंवा करार नसेल तर पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत भाडे दिले नाही, तर भाडेकरूने कसूर केली. पण कसूर झाली म्हणजे घर गेले असे नव्हे. कसूर ‘हेतुपुरस्सर’ नव्हती असे नियंत्रकाला पटले, तर त्याने भाडेकरूला पंधरा दिवसांपर्यंतची वाजवी मुदत द्यावी आणि त्या मुदतीत पैसे भरले गेल्यास मालकाचा अर्ज फेटाळावा. थोडक्यात, घर राहणार की जाणार हे एका विशेषणावर लटकलेले होते.

मुंबईच्या कायद्याशी तुलना केल्यावर या विशेषणाचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याच्या बाराव्या कलमानुसार भाडेकरू प्रमाणित भाडे देत असेल अथवा देण्यास ‘तयार आणि राजी’ असेल तोवर त्याला काढता येत नसे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने पंधराव्या कलमात हेच तत्त्व ठेवले. लेखी मागणीनंतर नव्वद दिवस दावा लावता येत नाही, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी शेकडा पंधरा सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरली तर हुकूमनामा होत नाही. दोन्ही इलाख्यांचे कायदे एकाच युद्धाची आणि एकाच टंचाईची अपत्ये असूनही त्यांनी माणसाच्या इच्छाशक्तीला दोन वेगळे प्रश्न विचारले. मुंबईचा प्रश्न, देण्याची इच्छा आहे का? मद्रासचा प्रश्न, न देण्याची इच्छा होती का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पैसे भरून देता येते, म्हणून मुंबईत हळूहळू सारे तारखांच्या हिशेबावर आले. दुसऱ्याचे उत्तर भूतकाळात शिरून माणसाचे मन वाचल्याशिवाय मिळत नाही. मराठी माणूस ज्याला ‘मुद्दाम’ म्हणतो त्याला तमिळमध्ये ‘वेंडुमेन्ऱे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘हवे असे म्हणूनच’. भाडेनियंत्रकासमोर उभ्या राहिलेल्या गृहिणीला अथवा कारकुनाला हेच विचारले जात होते, की तुम्ही हे ‘हवे’ म्हणून केलेत काय?

पैसे नसणे हे याचे उत्तर होऊ शकते काय? येथे कायद्याची भाषा वाटते तितकी उदार नव्हती. आजारपण, नोकरी जाणे, कर्ता पुरुष दगावणे ही कारणे नियंत्रकासमोर सांगता येत आणि ती कधी मानलीही जात. पण ती वर्तनाच्या पुराव्यात बसवावी लागत. मालकाला कळवले होते काय, थोडी रक्कम दिली होती काय, पूर्वी नियमित होतात काय, नोटिशीला उत्तर दिले होते काय? दारिद्र्याला स्वतःची वाचा नव्हती. ते शिस्तीच्या भाषेत भाषांतरित झाले तरच ऐकू येई.

१९७३ मध्ये विधिमंडळाने या कलमाला एक स्पष्टीकरण जोडले. मालकाने दोन महिन्यांची नोटीस देऊन भाडे मागितले आणि त्यानंतरही कसूर चालू राहिली, तर ती हेतुपुरस्सर समजावी. स्पष्टीकरणाने मात्र नवीच अस्पष्टता निर्माण केली. नोटीस दिलीच नाही तर काय? नोटीस देऊन दोन महिने लोटले की सारे संपले काय? मद्रास उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही मते विभागली. जानेवारी १९८५ मधील सुंदरम् पिळ्ळै निवाड्याने त्यावर उत्तर दिले. न्या. मुर्तझा फझल अली, न्या. अ. वरदराजन आणि न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्यापुढे अनेक अपिले एकत्र होती. बहुमताच्या निकालपत्रात न्या. फझल अली यांनी इंग्रजी विधिकोशांची पाने उलटून या विशेषणाचा अर्थ निश्चित केला: कृती सहेतुक, जाणीवपूर्वक, हिशेबीपणाने आणि परिणामांची पूर्ण कल्पना असताना केलेली हवी. नोटीस दिली व तरीही पैसे आले नाहीत, तर कसूर हेतुपुरस्सर धरावी. नोटीस दिली नसेल, तर प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती पाहून ठरवावे. न्या. मुखर्जी यांनी काही अंशी भिन्न मत नोंदवले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या निकालपत्राकडे पाहावे ते त्यातील कोशांमुळे. तिरुवल्लिक्केणीतल्या एखाद्या खोलीचे भवितव्य अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये छापलेल्या कोशांतील नोंदींवर ठरत होते, आणि ज्याच्या मनाचा शोध चालला होता त्याने ते मन ज्या भाषेत वापरले ती भाषा त्या चर्चेत कोठेच नव्हती. तमिळ ‘वेंडुमेन्ऱे’मध्ये इच्छा आहे, पण खोडीही आहे, लहान मूल आईला खिजवण्यासाठी भांडे पाडते तेव्हाही हाच शब्द येतो. ‘हिशेबीपणा’ त्यात नाही. तमिळ कोश उघडला असता तर निकाल वेगळा लागला असता असे नव्हे. परंतु हेतू म्हणजे काय याची कल्पनाच भाषागणिक बदलते, ही गोष्ट न्यायालयाच्या गरजेपलीकडची होती आणि ती तेथे सुचणेही अपेक्षित नव्हते.

या खटल्यांमधून एक लेखनप्रकारच जन्माला आला, तो म्हणजे भाडेकरूचा कागदी वर्तनपट. अनेक तंट्यांत भाडे थकलेले नसे, तर मालकाने ते घेण्याचे थांबवलेले असे. कसूर घडवून आणण्याचा हा सोपा मार्ग. त्यावर आठव्या कलमाने एक पायऱ्यापायऱ्यांचा उपाय सांगितला होता. मालकाने भाडे नाकारले तर भाडेकरूने त्याला लेखी विचारावे की कोणत्या बँकेत भरू? दहा दिवसांत मालकाने बँक सांगितली नाही तर मनीऑर्डर पाठवावी. तिचे कमिशन रकमेतून वजा करावे. मनीऑर्डर परत आली तर भाडेनियंत्रकाकडे पैसे भरण्याची परवानगी मागावी. पुढच्या दाराशी राहणाऱ्या मालकाला मागच्या दारातून टपालाने पैसे पाठवायचे आणि ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेला फॉर्म जपून ठेवायचा, हे ओंडुक्कुडित्तनम् मधील एक नित्यकर्म झाले होते. मुंबईच्या चाळीत मालक सहसा दूर असे आणि त्याचा मेहता भाडे मागायला येई. तेथे वैर निदान जिन्याखाली थांबे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील सामुदायिक विनोद शक्य होतो तो काही अंशी मालकाच्या या अनुपस्थितीमुळे. अशोकमित्रन् यांच्या ‘तण्णीर’ (१९७३) या मद्रासमधील पाणीटंचाईवरच्या कादंबरीत जमुना आणि छाया या बहिणी भाड्याच्या जागेत राहतात, आणि तेथे घरमालकीण त्याच अंगणात, त्याच पंपापाशी आहे. तिथे हसू येते ते फार जपून.

पायऱ्या चुकल्या तर काय होते, हे २००२ च्या अखेरीस तमिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. भाडेकरूने पैसे भरले होते, पण आठव्या कलमाचा क्रम पाळला नव्हता. कायद्याने दिलेली सवलत हवी असेल तर कायद्याची रीत काटेकोर पाळावी लागेल, न्यायबुद्धीला आवाहन करून भागणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हेतूचा शोध घेणारा कायदा येथे विधीचा कायदा झाला. पैसे देण्याची इच्छा उघड दिसत असताना ती चुकीच्या खिडकीवर व्यक्त झाली म्हणून निष्फळ ठरावी, यात काहीतरी विपरीत आहे असे म्हटल्यावाचून राहवत नाही. त्यातच अकराव्या कलमाने आणखी एक उंबरठा घातला होता. बेदखलीच्या अर्जाला विरोध करायचा तर आधी थकबाकी भरावी लागे आणि पुढचे भाडेही प्रकरण संपेपर्यंत भरत राहावे लागे. नाहीतर पुरेसे कारण दाखवल्याखेरीज सुनावणीच थांबवून ताबा देण्याचा हुकूम निघे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, तमिळनाडूतूनच आलेल्या धनपाल चेट्टियार प्रकरणात, भाडेनियंत्रण कायद्याखाली अर्ज करण्यापूर्वी मालमत्ता हस्तांतरण कायद्याची भाडेपट्टा संपवणारी नोटीस देण्याचीही गरज नाही असे ठरवले होते. म्हणजे तांत्रिक चुकीचा आधार मालकाविरुद्ध भाडेकरूला उरला नाही. भाडेकरूने मात्र तंत्र सोडायचे नव्हते.

भाडेकरूच्या हातातील खरा पैसा पुष्कळदा मालकाकडेच असे. चेन्नईत घर घेताना दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम आगाऊ देण्याची रूढी दीर्घकाळ होती. १९६० च्या कायद्याने मात्र एका महिन्याहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली होती. जास्तीची रक्कम मालकाजवळ पडून असताना दोन-चार महिन्यांचे भाडे थकले, तर ती थकबाकी म्हणायची काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये आंध्रच्या, म्हणजे जुन्या मद्रास कायद्याच्याच वंशातील, कायद्याखाली आणि १९९६ मध्ये तमिळनाडूच्या कायद्याखाली भाडेकरूच्या बाजूने उत्तर दिले. या साऱ्या इतिहासात भाडेकरूला मिळालेला सर्वांत व्यवहारी आधार हाच असावा, कारण येथे त्याचे मन वाचण्याची गरज उरली नाही. केवळ वजाबाकी करायची होती.

मालकांची बाजू या निबंधात कमी आली आहे, परंतु ती खोटी नव्हती. एखादे घर हीच ज्यांची मिळकत, अशा विधवांना आणि निवृत्तांना एका विशेषणाच्या अर्थासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. तमिळनाडू जमीनमालक व भाडेकरू यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या विनियमन अधिनियम, २०१७ हा २२ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला आणि त्याने १९६० चा कायदा रद्द केला, तो या तक्रारीची दखल घेऊनच. नव्या कायद्यात लेखी करार आणि त्याची नोंदणी मध्यवर्ती आहे. दोन महिन्यांचे भाडे थकले आणि मागणीची नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात ते व्याजासह दिले नाही, तर घर खाली करून मागता येते. त्या महिन्यात सर्व रक्कम मालकाला दिली किंवा भाडे न्यायालयात भरली तर बेदखलीचा हुकूम होत नाही. एकदा ही सवलत घेतल्यावर पुढे एखाद्या वर्षात सलग दोन महिने पुन्हा कसूर झाली तर ती मिळत नाही. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द तेथे नाही. का दिले नाही हे विचारण्याची जागाच काढून टाकली गेली आणि त्याबरोबर सांगण्याचीही.

एका वर्षानंतर टाळेबंदी आली. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने स्थलांतरितांसह भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये असा आदेश काढला. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि त्या काळात भाडे थकल्याने कोणाला घराबाहेर न काढण्याची सूचना मालकांना केली. दोन्ही कागद कसुरीच्या कारणाची दखल घेत होते, पण दोन्ही तात्पुरते होते.

जुन्या कायद्याखाली दाखल झालेली प्रकरणे त्याच कायद्याने चालवावीत, अशी तरतूद नव्या कायद्यात आहे. त्यामुळे २०१९ नंतरही उच्च न्यायालयाच्या आवारात, १९६० च्या कायद्यातून उरलेल्या फायलींपुरता, थकलेल्या भाड्यामागे हेतू होता की नव्हता याचा युक्तिवाद होत राहिला.